घरातला स्टुडिओ : आधी काम ठरवा, मग संगणक

नात, हम्द, तराने, कव्वाली, मुलांसाठी दीनी कहाण्या, पुस्तकांचे वाचन, क्लासचे धडे असा आवाजाचा बहुतेक सारा व्यवहार आता मोबाइलवर ऐकला जातो. त्याचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत तासावारी किंवा शिफ्टचे भाडे मोजलेच पाहिजे, असे राहिलेले नाही. घरातली एक खोली, एक संगणक, एक चांगला माइक आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हे काम उभे राहते. रबीउल अव्वल आणि रमजान जवळ आले की गावोगावचे नातख्वाँ ध्वनिमुद्रणासाठी जागा शोधू लागतात. यात छोटा घरगुती धंदा आहे, हे आपल्या तरुणांच्या ध्यानात आले आहे, ही चांगली गोष्ट झाली.

मात्र या बाबतीत आमच्याकडे जी विचारणा होते तिचा सूर एकच असतो : “कोणता संगणक घेऊ?” प्रश्न इथूनच चुकतो. दुकानदार महागडा, रंगीत दिव्यांचा, खेळांसाठी बनवलेला संगणक गळ्यात मारतो. सगळी शिल्लक, कधी कधी बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कमही, त्यात जाते. मग माइकसाठी पैसे उरत नाहीत, सॉफ्टवेअर चोरीचे घेतले जाते आणि पहिल्याच नातमध्ये खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर ऐकू येते. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून हा सौदा उलट्या क्रमाने कसा करावा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

काम दोन प्रकारचे

पहिला प्रकार नुसत्या आवाजाचा. एक गाणारा किंवा वाचणारा, फार तर मागे साथ देणारे तीन-चार आवाज, क्वचित एक डफ. दुसरा प्रकार वाद्यांसह संगीताचा. यात हार्मोनियम, ढोलक, तबला खरोखर वाजवून घ्यायचे असतात किंवा संगणकातल्या तयार नमुन्यांवरून त्यांचे आवाज उभे करायचे असतात.

वाद्यांच्या बाबतीत उलमांमध्ये मतभेद आहेत. त्यात शिरण्याचे हे पान नव्हे. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण खरेदीपूर्वीच हा निर्णय झालेला बरा, कारण त्यावर पैशांचा मोठा फरक अवलंबून आहे. नुसत्या आवाजाचे काम आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या धडधाकट लॅपटॉपवरही बिनतक्रार होते. संगणकातली वाद्ये वापरणाऱ्याला मात्र त्याहून बराच ताकदवान संगणक लागतो.

संगणक यात करतो तरी काय?

माइकमधून येणारी विजेची लहर इंटरफेस नावाच्या छोट्या पेटीत जाते. ती पेटी त्या लहरीची उंची एका सेकंदात ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांच्या आकड्यात लिहून यूएसबीच्या तारेतून संगणकाकडे पाठवते. संगणक ते आकडे डिस्कवर उतरवून घेतो. एका आवाजाचा हिशेब सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट होतो, म्हणजे तासाला साधारण ५२० एमबी. चार आवाज एकाच वेळी तासभर मुद्रित केले तरी दोन जीबीच्या आसपास. आज मिळणाऱ्या साध्यातल्या साध्या लॅपटॉपला हा भार काहीच नाही. दुकानदार ज्या ग्राफिक कार्डाचे गुणगान करतो, त्याचा या कामाशी जवळजवळ संबंध येत नाही.

खरी अडचण निराळीच असते. ती उशिराची. गाणाऱ्याच्या कानात हेडफोन असतो आणि त्याला स्वतःचा आवाज त्यातून ऐकायचा असतो. संगणक आकडे एकेक करून हाताळत नाही, त्यांचे गठ्ठे बांधतो. गठ्ठा २५६ मोजमापांचा असेल तर तो भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. १,०२४ चा असेल तर २१ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा हा उशीर दुप्पट होतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर झाला तर आपला आवाज अकरा फुटांवरून आल्यासारखा वाटतो, आणि मोठ्या गठ्ठ्यावर तो जवळजवळ पन्नास फुटांवरून, मशिदीच्या सहनाच्या पलीकडच्या टोकावरून आल्यासारखा. अशा स्थितीत कसलेला नातख्वाँही लय सोडतो.

गठ्ठा लहान केला की उशीर कमी होतो, पण संगणकाला घाईघाईने काम करावे लागते. तो कमकुवत असेल तर आवाजात ‘टक टक’ येते. महाग संगणक घ्या असे जे सांगितले जाते, त्यामागचे खरे कारण हेच. मात्र यावर एक स्वस्त तोड आहे आणि ती विकणारा सहसा सांगत नाही. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचे बटण असते. ते दाबले की गाणाऱ्याचा आवाज संगणकाकडे न जाता पेटीतूनच सरळ त्याच्या हेडफोनमध्ये जातो. उशीर जाणवतच नाही. मग गठ्ठा खुशाल मोठा ठेवा, जुना संगणक निवांत काम करील. नुसत्या आवाजाचे काम करणाऱ्याने हे एक बटण नीट समजून घेतले तर त्याचे हजारो रुपये वाचतात.

ज्याला कीबोर्डवर बोट ठेवताच संगणकातल्या हार्मोनियमचा सूर ऐकायचा आहे, त्याला ही सोय नाही. कारण तो सूर जन्मतोच संगणकात. शिवाय खऱ्या वाद्याच्या प्रत्येक सुराचे निरनिराळ्या जोराचे नमुने मेमरीत भरावे लागतात. अशा कामाला १६ जीबी रॅम ही सुरुवात समजावी. नुसत्या आवाजाला ८ जीबी पुरते.

संगणक : नवा की जुना?

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात आणि ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा माल भरपूर असतो, इतर शहरांतही मिळतो. आवाजाच्या कामासाठी हा माल आम्हाला नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस वाटतो. त्याची बांधणी मजबूत असते, आणि बहुतेक जुन्या मॉडेलांत रॅम व डिस्क नंतर बदलता येते. फक्त एक गोष्ट काटेकोर पाहावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून उचलू नये. तो घ्यायचाच असेल तर त्यावर लिनक्स टाकण्याची तयारी ठेवून घ्यावा. ध्वनिकामासाठीच जमवलेली ‘उबंटू स्टुडिओ’ ही मोफत लिनक्स आवृत्ती आहे, पण शिकायला थोडा वेळ द्यावा लागतो.

डिस्क एसएसडीच असावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती वेगवान असते आणि आवाजही करत नाही. पंख्याचा आवाज हा मुद्दा तर खरेदीच्या यादीत कोणी लिहीतच नाही. काम वाढले की काही लॅपटॉप असे घोंघावतात की माइक ते सारे टिपतो. ॲपलचा २०२० च्या नोव्हेंबरात आलेला एम-१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर येथे उजवा ठरतो. त्याला पंखाच नाही. जुन्या बाजारात तो मिळतो, आणि गॅरेजबँड हे सॉफ्टवेअर ॲपलच्या संगणकांना मोफत असते. मात्र त्याची रॅम पुढे कधीच वाढवता येत नाही. घेताना जी असेल तीच कायम.

ज्याला घराबाहेर जायचे नाही त्याने डेस्कटॉपचा विचार जरूर करावा. तेवढ्याच पैशांत अधिक ताकद मिळते. त्याचा डबा गाणाऱ्यापासून दूर, जमल्यास भिंतीपलीकडे ठेवावा. यूएसबीची तार फार लांब नेता येत नाही, पाच मीटर ही तिची सर्वसाधारण मर्यादा. माइकची तीन टोकांची जाड तार मात्र सहज वीस-पंचवीस मीटर नेता येते. म्हणून संगणक आणि इंटरफेस एका खोलीत, माइक दुसऱ्या खोलीत, ही मांडणी उत्तम. उरुसात, जलशात जाऊन मुद्रण करणाऱ्याला अर्थातच लॅपटॉप हवा.

आखातातून भाऊ किंवा मामा लॅपटॉप पाठवणार असतील तर आनंदच आहे. पण त्याची हमी भारतात चालते का, हे तिकडेच विचारून घ्यावे. तिकडची जाड चौकोनी पिन इथल्या सॉकेटात बसत नाही. मग बाजारातला स्वस्त कन्व्हर्टर लावला जातो आणि त्यात बरेचदा अर्थिंगच जोडलेले नसते. याचे परिणाम पुढे सांगितले आहेत.

दुकानात जाताना स्वतःचा किंवा मित्राचा इंटरफेस आणि हेडफोन बरोबर न्यावा. वाय-फाय बंद करून अर्धा तास सलग मुद्रण करून पाहावे. ‘टक टक’ येते का, पंखा केव्हा सुरू होतो, सगळी यूएसबीची तोंडे घट्ट आहेत का, हे तिथेच कळते. जो दुकानदार अर्धा तास द्यायला तयार नाही, तो पुढे दुरुस्तीलाही वेळ देणार नाही.

सॉफ्टवेअर : फुकट, विकत आणि चोरीचे

येथे आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत, कारण सर्वात जास्त गैरसमज याच बाबतीत आहेत.

अगदी नवख्याने ऑडॅसिटीवर हात बसवावा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेले हे सॉफ्टवेअर २००० सालापासून लोकांसाठी खुले आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. धंद्यासाठी वापरले तरी कोणाला एक पैसा द्यावा लागत नाही. वाचन, क्लासचे धडे, एका आवाजाची नात यासाठी ते पुरते. कापणे, जोडणे, मागची सरसर कमी करणे, आवाजाची पातळी सारखी करणे हे सारे त्यात होते.

अनेक आवाज एकमेकांवर चढवायचे असतील, दहा वेळा गाऊन घेऊन त्यातले उत्तम तुकडे निवडायचे असतील, तर आमची पसंती रीपरला आहे. एकेकाळी घरोघरच्या संगणकावर गाणी वाजवणारे विनॲम्प वाचकांना आठवत असेल. ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचेच हे सॉफ्टवेअर. आकाराने लहान, जुन्या संगणकावरही हलके चालते, आणि विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर मिळते. ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. परवान्याची किंमत ६० डॉलर. या कामातली वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरांपेक्षा अधिक असेल तर २२५ डॉलर. आपल्याकडचा घरगुती व्यावसायिक बहुधा पहिल्याच गटात बसतो. त्यात तयार वाद्यांचे आवाज मात्र येत नाहीत. ते निराळे मिळवावे लागतात.

रीपरची एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. साठ दिवस उलटले तरी ते बंद पडत नाही, नुसती आठवण करून देत राहते. कुलूप न लावता मालकाने विश्वासावर दुकान उघडे ठेवले, असा हा प्रकार. आपल्यातले कित्येक जण वर्षानुवर्षे ते तसेच वापरून कमाई करतात. ही अमानत आहे. पहिल्या चार-पाच कामांच्या पैशांतून परवाना घ्यावा. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेल्या कार्डाने तो घरबसल्या मिळतो.

बाकीची नावे थोडक्यात. एफएल स्टुडिओ हे बेल्जियमच्या कंपनीचे, ठेक्यांवर संगीत उभे करणाऱ्यांचे आवडते. एकदा विकत घेतले की पुढच्या आवृत्त्या मोफत मिळतात. पण त्याच्या निरनिराळ्या किमतींच्या आवृत्त्या आहेत. आपण घेतो त्या आवृत्तीत माइकचा आवाज मुद्रित होतो ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. क्यूबेस हे जर्मनीचे जुने, नावाजलेले आणि पसाऱ्याचे. लॉजिक प्रो फक्त ॲपलच्या संगणकांवर. एबलटन लाइव्हची छोटी आवृत्ती बऱ्याच इंटरफेसबरोबर मोफत येते. तेव्हा पेटीच्या खोक्यातला कागद फेकून देऊ नये, त्यावरच्या क्रमांकाची किंमत असते. तबला, ढोलक, सारंगी अशा आपल्या वाद्यांचे नमुने स्वित्झर्लंडची स्वार सिस्टिम्स ही कंपनी विकते. कोणतेही एक घ्या आणि सहा महिने त्यावरच बसा. दर महिन्याला सॉफ्टवेअर बदलणाऱ्याचे काम कधी हातावेगळे झालेले आम्ही पाहिले नाही.

आता चोरीच्या प्रतींविषयी. बाजारात पेन ड्राइव्हवर ‘सगळे सॉफ्टवेअर पाचशे रुपयांत’ भरून देणारे आहेत. ते चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराचे दार उघडून चोराला आत बोलवण्याचाच हा प्रकार होय. असा संगणक एके दिवशी कुलूपबंद झाला आणि त्यात गिऱ्हाइकांची दोन महिन्यांची कामे असली, तर काय होईल याचा विचार करावा. कायद्याचे पाहिले तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितलेला आहे. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैदेची सूट देऊ शकते. धंदा करणाऱ्याला ती पळवाट नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी चोरीच्या हत्याराने हम्द-नात मुद्रित करायची आणि त्याची कमाई घरात आणायची, हे मनाला कसे पटते? गरिबीचे कारणही येथे टिकत नाही, कारण ऑडॅसिटी फुकट आहे.

याच जातीचा दुसरा प्रश्न कलामाचा. भारतात शायराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या कलामावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. हाली (मृत्यू १९१४), बरेलीचे अहमद रझा खान (१९२१), इक्बाल (१९३८) यांचा कलाम त्या मुदतीबाहेर आहे. हयात शायराची मात्र लेखी परवानगी घ्यावी आणि त्याला मोबदला द्यावा. एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर नात बसवून आणणारे पुष्कळ असतात. शब्द तुमचे असले तरी चाल दुसऱ्याची आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारी कंपनी आहे. अशी नात इंटरनेटवर चढवली की कमाई तिकडे वळते किंवा ध्वनिफीतच उतरवली जाते. ही जोखीम गिऱ्हाइकाला आधीच सांगावी.

पैसा जिथे खरा लागतो

माइक एकदा जे ऐकतो, ते नंतर पुसता येत नाही. नात म्हटली की गूंज हवी, असा आपल्याकडे रिवाज आहे, आणि ती सॉफ्टवेअरमधून हवी तेवढी मिळते. पण फरशी, चुन्याच्या भिंती आणि वर स्लॅब अशा रिकाम्या खोलीचा घुमारा एकदा मुद्रणात उतरला की कोणतेही सॉफ्टवेअर तो नीटपणे काढू शकत नाही. गूंज घालता येते, काढता येत नाही. हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवावे.

उपाय घरातच असतात. जाड गालिचा किंवा सतरंजी खाली, गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या किंवा रजया, त्याही भिंतीला चिकटवून नव्हे तर वीतभर अंतर सोडून टांगलेल्या. पुस्तकांनी गच्च भरलेले कपाट, कपड्यांचे उघडे कपाट, गाद्यांची चळत हे सगळे कामाला येते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची जी पद्धत दिसते, तिचा उपयोग जवळजवळ शून्य. कागदाच्या त्या पातळ पुठ्ठ्याने आवाज शोषला जात नाही. बाहेरची रिक्षा, शेजारचा कुकर, मुलांचा गलका हे गोधडीने थांबत नाहीत. त्यासाठी वेळ निवडावी लागते. फजरनंतरचा तास-दीड तास मोहल्ला शांत असतो आणि गळाही ताजा असतो.

अशा गजबजलेल्या घरात कोणता माइक घ्यावा? कंडेन्सर माइक नाजूक आणि तीक्ष्ण कानांचा असतो. त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो खोलीतले सारेच टिपतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळचा आवाज घेतो आणि लांबचे बरेचसे सोडून देतो. खोली चांगली दाबलेली असेल तर कंडेन्सर, नाहीतर डायनॅमिक, असे आमचे मत आहे. १९६६ पासून चालत आलेला शुअरचा एसएम-५८ हा डायनॅमिक माइक आजही जलशांच्या स्टेजवर दिसतो, तो घरातही चालतो. पण त्याच्या हुबेहूब नकला बाजारात फार आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलानेच घ्यावा. इंटरफेस एक-दोन माइक लागतील असा साधा पुरतो. कव्वालीची पूर्ण चौकी एकाच वेळी मुद्रित करायची असेल तरच आठ तोंडांच्या पेटीकडे वळावे.

आणि अर्थिंग. आपल्याकडच्या जुन्या घरांतून तिसरे भोक नुसते नावाला असते. परिणामी हेडफोनमध्ये ‘हूं’ असा सतत गुणगुणाट येतो. ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची ती खूण. लोक माइक बदलतात, पेटी बदलतात, गुणगुण जात नाही. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष वीजजोडणीत आहे. जाणता वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्यावे. तिसरी पिन मोडून टाकणे हा उपाय नव्हे, तो जिवावर बेतू शकतो. जिथे वीज वारंवार जाते तिथे डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस.

शंभर रुपयांची वाटणी

नुसत्या आवाजाचे काम धरून चालू. जवळ शंभर रुपये असतील तर आम्ही ते असे वाटू : जुना पण धडधाकट संगणक ४०, माइक आणि इंटरफेस मिळून २७, सॉफ्टवेअरचा परवाना १०, खोली ८, बंद कानांचा हेडफोन ६, आणि स्टँड, तारा, जादा डिस्क यांना ९. घरात चालणारा संगणक आधीच असेल तर पहिले चाळीस खिशातच ठेवावेत, ते माइकवर उधळू नयेत. काम बसल्यावर कशाची उणीव आहे ते आपोआप कळते.

समजा एकूण ५० हजार रुपये घातले आणि वीज, प्रवास, शायराचा मोबदला वजा जाता एका कामामागे हजार रुपये सुटले. महिन्याला चार कामे आली तर भांडवल वसूल व्हायला साडेबारा महिने लागतात. रमजान आणि रबीउल अव्वल सोडले तर बाकीचे महिने सुस्त असतात, हेही हिशेबात धरावे. म्हणून हप्त्यांवर सारे एकदम घेण्याचा मोह टाळावा. हप्ता दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक येत नाही. ‘बिनव्याजी हप्ता’ या पाटीलाही भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. व्याज कुठेतरी किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळते का, एवढे विचारले की उत्तर कळते. काही शहरांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या सहकारी पतसंस्था आहेत, नात्यात कर्जे-हसना देणारेही असतात. तेही न जमल्यास टप्प्याटप्प्याने घ्यावे : आधी गोधड्या आणि ऑडॅसिटी, मग माइक व इंटरफेस, संगणक शेवटी.

गिऱ्हाइकाच्या ध्वनिफितीच्या नेहमी तीन प्रती ठेवाव्यात. एक संगणकावर, एक निराळ्या डिस्कवर, एक घराबाहेर भावाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. तासाला अर्धा जीबी असा हिशेब असल्याने हे महाग पडत नाही.

धंदा म्हणून सुरू करताना उद्यम नोंदणी करून घ्यावी. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. एजंटाला हजार-दोन हजार मोजण्याचे कारण नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी सहसा सक्तीची नाही. तरीही संगणक, माइक, इंटरफेस यांची पक्की बिले घ्यावीत. बिलावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो यंत्रावरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहावा. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत तर विकणाऱ्याचे नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि सही घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण चोरीचा माल निघाला तर पोलीस शेवटच्या मालकाच्या दारात येतात.